जिंकल्यावर कोणाकोणाला बोलवायचं?

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवलं. वेळेच्या फरकाचं गणित सांभाळत तुमच्यापैकी अनेकांनी तो सामना इथे परदेशात बसून पाहिला असेल. लक्ष्य ३३९ धावांचं होतं, आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणत्याही संघाला जमला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली, अमनजोत कौरनं चौकार मारून सामना संपवला, आणि मैदानावरच घेतलेल्या मुलाखतीत डोळे पुसत जेमिमानं येशूचे आभार मानले. शेवटच्या षटकांत अंगात त्राण उरलं नव्हतं, तेव्हा आपण बायबलमधलं एक वचन मनाशी म्हणत होतो, असंही तिनं सांगितलं. त्यानंतर दोन सूर ऐकू आले. काही ख्रिस्ती बांधव म्हणाले, पाहा, देवानं आपल्या लेकीला जिंकवलं. दुसरीकडून विचारणा झाली की, खेळाच्या मैदानावर धर्म कशाला? माझ्या मते दोघांचीही नजर भलत्या जागी लागली. त्या विजयोत्सवात ख्रिस्ती अर्थ शोधायचा असेल, तर तो धावफलकात मिळणार नाही आणि एकट्या जेमिमाच्या कबुलीतही पुरता मिळणार नाही. जिंकलेल्यांनी आपल्या आनंदात कोणाकोणाला ओढून घेतलं, हे पाहावं लागेल. तेच आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

मी ख्रिस्ती आहे, मराठी आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीचा, म्हणजे झाडीपट्टीतल्या धानाच्या मुलखातला आहे. आमच्याकडे विजयोत्सव म्हटला की आधी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवते. जोडी जिंकली की गुलाल पडतो तो बैलांच्या पाठीवर, हार पडतो तो बैलांच्या गळ्यात. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं कौतुक होतं, पण त्यांच्या मागून. जिंकणारा एकटा जिंकत नाही, ही समज गावाला कोणी पुस्तकातून दिलेली नाही. शर्यतीवर न्यायालयात भांडणं झाली, २०१४ मध्ये बंदी आली, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या चौकटीत परवानगी कायम केली. बैलांना होणाऱ्या त्रासाबद्दलचे आक्षेप खरे आहेत आणि ते मोडीत काढण्याचा माझा हेतू नाही. पण जल्लोषाचा पहिला मान ज्यानं ओझं ओढलं त्याचा, ही रीत मला महत्त्वाची वाटते आणि पुढच्या सगळ्या विवेचनात ती माझ्या मनाशी आहे.

आता पहिला आणि सगळ्यांत गंभीर आक्षेप घेऊ. देवानं भारताला जिंकवलं असं म्हटलं, तर ऑस्ट्रेलियाच्या फीबी लिचफील्डचं काय? त्याच सामन्यात तिनं ११९ धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूलव्हार्ट १०१ धावा करून हरली. उपांत्य सामन्यातही तिनं १६९ धावा केल्या होत्या. तिच्या देशात किती चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली असेल! देव निवड समितीत बसतो आणि एका बाजूचं पारडं जड करतो, असा देव श्रद्धेच्या योग्यतेचा नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. विशेष म्हणजे बायबललाही ते मान्य आहे. उपदेशकाच्या पुस्तकात स्पष्ट म्हटलेलं आहे की, वेगवान असलेल्यालाच शर्यत मिळते असं नाही, काळ आणि योग सगळ्यांनाच गाठतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, देवाचा सूर्य आणि पाऊस चांगल्या-वाईटाचा निवाडा करून पडत नाही. म्हणून विजय हे देवाच्या पसंतीचं प्रशस्तिपत्र आहे, असं समजणारा ख्रिस्ती माणूस आपल्याच ग्रंथाच्या विरोधात जातो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शाळांनी खेळातलं यश आणि सद्गुण यांची जी गल्लत केली, तिचा वारसा आपल्याकडच्या मिशनच्या शाळांतही आला. तो आपण सोडून द्यायला हवा.

मग जेमिमानं आठवलेल्या वचनाचं काय करायचं? त्याची जागा पाहू. ते निर्गमच्या चौदाव्या अध्यायातलं आहे. गुलामगिरीतून पळालेली माणसं तांबड्या समुद्राच्या काठावर अडकलेली आहेत, पाठीमागे फारोचे रथ आहेत, आणि घाबरलेले लोक मोशेला विचारताहेत की, मरायला इथे कशाला आणलंस. तिथे मोशे त्यांना सांगतो की, स्थिर उभे राहा, लढाई देवाची आहे. हे बलवानाच्या कानात सांगितलेलं नाही. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही त्याला सांगितलेलं आहे. जेमिमानं ते आठवलं तेही दमून गेल्यावर. त्या स्पर्धेच्या काळात आपण जवळजवळ रोज रडत होतो, मनावर चिंतेचा भार होता, हे तिनं हजारो लोकांसमोर कबूल केलं. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून तिला वगळण्यात आलं होतं. तिसऱ्या क्रमांकावर उतरायचं आहे हे तिला मैदानात जाण्याच्या काही मिनिटं आधी कळलं. ८२ धावांवर असताना अलिसा हीलीच्या हातून तिचा झेल सुटला. दीप्ती शर्मा समोरून एकेका चेंडूला तिला धीर देत होती. एवढं सगळं जिनं अनुभवलं, तिला विजय स्वतःची कमाई वाटला नाही, तर त्यात नवल नाही. पन्नास झाल्यावर आणि शंभर झाल्यावरही तिनं बॅट उंचावून आनंद साजरा केला नाही. तिची कृतज्ञता मला प्रचारापेक्षा हिशेबाचा प्रामाणिकपणा वाटते: माझ्या खात्यावर जे जमा दिसतंय ते सगळं मी मिळवलेलं नाही.

याच निर्गमच्या पुस्तकात पुढच्याच अध्यायात विजयोत्सव आहे, आणि त्याचं नेतृत्व एक स्त्री करते. मोशेची बहीण मिर्याम डफ घेते आणि तिच्यामागे सगळ्या बाया नाचत निघतात. बायबलमधल्या अगदी जुन्या विजयोत्सवांपैकी हा एक. पण यहुदी आचार्यांना या कथेतलं एक टोक बोचत राहिलं. समुद्रात बुडून मेलेल्या मिसरी सैनिकांचं काय? तालमुदमध्ये एक परंपरा जपलेली आहे. त्या रात्री देवदूत स्तुतिगीत गाऊ लागले तेव्हा देवानं त्यांना थांबवलं; माझ्या हातची लेकरं बुडताहेत आणि तुम्हांला गाणं सुचतं कसं, असं विचारलं. आजही वल्हांडणाच्या जेवणात यहुदी घरांत मिसरावरच्या एकेका पीडेचा उच्चार होताना पेल्यातल्या द्राक्षारसाचा थेंब काढून ठेवतात. पेला भरलेला राहू देत नाहीत, कारण आपल्या सुटकेची किंमत कोणी तरी मोजली. जिंकणाऱ्याच्या आनंदात हरलेल्याचं दुःख धरलेलं असावं, ही जाणीव ख्रिस्ती धर्माला यहुदी धर्माकडून मिळाली. २ नोव्हेंबरला सुरू झालेला अंतिम सामना मध्यरात्र उलटल्यावर संपला, भारत ५२ धावांनी जिंकला, आणि त्या गदारोळात आपल्या काही मुली रडणाऱ्या दक्षिण आफ्रिकी खेळाडूंजवळ गेल्या, त्यांना मिठीत घेऊन उभ्या राहिल्या. पेल्यातला थेंब त्यांनी असा काढून ठेवला.

आता या विषयाचा जो गाभा मला वाटतो, तिथे येतो. प्रतिका रावल ही सलामीची फलंदाज. स्पर्धेत तिनं ३०८ धावा केल्या. भारताकडून तिच्यापेक्षा जास्त धावा फक्त स्मृती मंधानाच्या होत्या. सलग तीन पराभवांनंतर न्यूझीलंडविरुद्ध जो सामना जिंकणं भाग होतं, त्यात प्रतिकाचं शतक होतं. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा घोटा दुखावला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं, जी मूळ संघातच नव्हती. शफाली दोनच सामने खेळली. अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. पदकं मिळाली ती नोंदणीकृत पंधरा जणींना. त्यात शफाली होती, प्रतिका नव्हती.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दृष्टान्त ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वाचताना चटकन काही तरी आठवेल. मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर असतानाही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो. उन्हात राबलेले कुरकुरतात. हा दृष्टान्त ऐकून आजवर कोणत्याही कष्टकऱ्याला बरं वाटलेलं नाही, आणि येशूलाही ते ठाऊक असणार. इथे तर मजुरी सारखीसुद्धा नव्हती. पहाटेपासून राबलेली हात रिकामे घेऊन उभी आणि शेवटच्या तासाला आलेली सन्मानाच्या मंचावर. प्रतिकाला कुरकुरायचा पूर्ण हक्क होता. ती काय करते? पायाला आधार बांधलेला, चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात येते, खांद्यावर तिरंगा, आणि मैत्रिणी नाचताहेत त्यांच्या घोळक्यात शिरून तीही नाचू लागते. पुढे आयसीसीनं तिच्या पदकाची व्यवस्था केली, हे योग्यच झालं. पण मला धरून ठेवतो तो पदक नसलेला तो अर्धा तास. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करावा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक. दुसरी आपल्याला जमते. शेजारी दुःख आलं की आपण डबा घेऊन पोहोचतो. पहिली अवघड आहे. जे आपल्याला मिळायला हवं होतं ते दुसऱ्याला मिळालं, आणि त्याच्या मांडवात मनापासून नाचायचं, हे अध्यात्म कोणत्याही उपवासापेक्षा कठीण आहे.

आणि या प्रसंगाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. प्रतिका आपण होऊन आली हे खरं, पण संघानं तिला बाजूला ठेवलं नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू सापडल्यावर, हरवलेलं नाणं सापडल्यावर, माणूस आधी शेजारपाजाऱ्यांना हाक मारतो. एकट्यानं केलेला आनंद त्या गोष्टींमध्ये कुठेच नाही. तिसऱ्या गोष्टीत उधळा मुलगा परत येतो आणि घरात नाचगाणं सुरू होतं, तेव्हा थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो. बाप त्याला नोकराकरवी निरोप पाठवत नाही, स्वतः पाहुणे सोडून बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. विजयोत्सवाचं ख्रिस्ती व्याकरण माझ्या मते इथे मिळतं: आत चाललेला आनंद बाहेर उभ्या असलेल्यापर्यंत यजमानानं स्वतः चालत नेला पाहिजे.

बाहेर उभे असलेले फक्त आजचेच नसतात. अंतिम सामन्याच्या रात्री हरमनप्रीत कौरच्या संघानं चषक मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या झूलन गोस्वामी, मिताली राज, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हातात दिला. झूलन रडली, मितालीनं चषक छातीशी धरला. २००५ मध्ये अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हार झाली होती, २०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी. मिताली दोन्ही वेळा कर्णधार होती. त्यांच्याही आधीच्या डायना एडलजी, शांता रंगस्वामी यांच्या पिढीनं आरक्षण नसलेल्या रेल्वेच्या डब्यांतून किटबॅगा वाहिल्या. २००६ मध्ये महिलांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं, तोवर मानधन नावाची गोष्ट जवळजवळ नव्हती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पूर्वजांची अशीच मोठी यादी आहे, आणि तिचा शेवट फार वेगळ्या तऱ्हेनं होतो. हे सगळे विश्वासानं जगले, पण वचन दिलेली गोष्ट त्यांच्या हयातीत त्यांना मिळाली नाही. आपल्यावाचून त्यांना पूर्णत्व येऊ नये अशी देवाची योजना होती, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढच्या ओळीत पत्रलेखक शर्यतीचं मैदान उभं करतो: धावणारे आपण, आणि सभोवार साक्षीदारांचा मेघ. म्हणजे पूर्वज आपल्याला पुढे लोटतात एवढंच म्हणून तो थांबत नाही. आपल्या धावण्यानं त्यांचं अपुरं राहिलेलं पुरं होतं, असं त्याला म्हणायचं आहे. योगायोग म्हणा, पण २ नोव्हेंबर हा कॅथलिक पंचांगात मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी वसई आणि वांद्र्याच्या दफनभूमींत मेणबत्त्या लागतात. या योगायोगातून मी काही सिद्ध करत नाही, पण मिताली-झूलनच्या हातातला चषक पाहताना तो मनात आल्यावाचून राहत नाही.

या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार तर आपल्याला जवळचा माणूस. १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमासाठी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल होता. त्याची पाळी आली नाही. पुढे १९९४ मध्ये मुंबईकडून प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्यानं २६० धावा केल्या, सगळी कारकीर्द मिळून ११,१६७ धावा केल्या, आणि भारतासाठी एकही सामना खेळला नाही. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्मणं, एवढाच त्याचा दोष. अंतिम सामना जिंकल्यावर हरमनप्रीत धावत जाऊन त्याच्या पाया पडली. वाट पाहणाऱ्याला फळ मिळतंच, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. मुंबईच्या मैदानांवर वाट पाहता पाहता ज्यांची उमेद संपली, असे कितीतरी आहेत आणि त्यांना कोणी विश्वचषक दिला नाही. पण जिंकलेल्या खेळाडूचं डोकं जेव्हा न खेळलेल्या माणसाच्या पायाशी वाकतं, तेव्हा विजयाची उतरंड उलटते. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तीही उतरंड उलटण्याचीच कृती होती.

आता दुसरा आक्षेप. विजयोत्सव म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे उन्माद, आणि उन्मादात कसलं अध्यात्म? ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल जिंकलेल्या संघाच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीत ११ माणसं चेंगरून मेली. त्यांच्या घरच्यांसमोर विजयाच्या आध्यात्मिक अर्थावर व्याख्यान देण्याची माझी हिंमत होणार नाही. हा आक्षेप मी टाळत नाही, उलट तो माझ्या म्हणण्याचा भाग करतो. प्राचीन रोममध्ये जिंकलेल्या सेनापतीची मिरवणूक निघे, तेव्हा रथापुढून कैद्यांना साखळदंडानं बांधून चालवत, आणि मिरवणुकीअखेर त्यांच्यातल्या प्रमुखाचा अनेकदा वध होई. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल हीच मिरवणूक डोळ्यांपुढे आणतो, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तिथे तो स्वतःला रथावर बसवत नाही, कैद्यांच्या रांगेत चालवतो. येशू यरुशलेमेत शिरला तोही मिरवणुकीनंच, झावळ्या आणि घोषणांसह, पण त्याचं वाहन गाढव होतं. ज्या शहरानं रोमी सैन्याचे घोडे पाहिले होते, त्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नसेल. तेव्हा ख्रिस्ती दृष्टीनं विजयोत्सवाची परीक्षा हीच की त्याच्या पायाखाली कोण येतं. ४ जुलै २०२४ ला पुरुषांचा टी-ट्वेन्टी विश्वचषक घेऊन उघडी बस मरीन ड्राइव्हवर आली, तेव्हा तिथेही काही जण जखमी झाले, चपलांचा खच पडला. पण त्याच गर्दीनं एका रुग्णवाहिकेला वाट करून दिली, ते दृश्य जगानं पाहिलं. तेवढा वेळ रस्त्याचा मानकरी संघ नव्हता, आतला रुग्ण होता.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन ते परतले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि कराडला त्यांच्या स्वागतासाठी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जाण्याचा खर्च सरकारनं दिलेला नव्हता. त्यांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली होती, प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले होते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून ते घर सोडवलं. खाशाबा ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना मी मागच्या दारानं चर्चमध्ये आणत नाही. पण विजय म्हणजे उतराई होण्याची सुरुवात, हे त्यांनी जसं जगून दाखवलं, तसं अनेक धर्मोपदेशकांना बोलूनही दाखवता आलेलं नाही.

यावर तिसरा आक्षेप येणारच: मग याला ख्रिस्ती का म्हणायचं? माणुसकी म्हणा, संस्कृती म्हणा. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेच हे. बरोबर आहे, आणि त्यात मला आनंदच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्यभर सांगितलं की, ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो. त्यांना तुकोबा टाकून ख्रिस्त घ्यावा लागला नाही. चांगली गोष्ट ख्रिस्ती म्हणण्यानं ती इतरांची राहत नाही, असा मालकी हक्काचा दावा मी करत नाही. मी एवढंच म्हणतो की, माझ्याकडे जे ग्रंथ आणि ज्या गोष्टी वारशानं आल्या, त्यांच्या उजेडात मला त्या रात्रीतलं काही अधिक स्पष्ट दिसतं. प्रतिकाची खुर्ची द्राक्षमळ्याच्या गोष्टीशेजारी ठेवली, तर दोन्ही नव्यानं कळतात. ज्याला तेच तुकोबांच्या उजेडात दिसेल त्यानं ते सांगावं, मी ऐकायला बसेन.

आणि मैदानावर देवाचं नाव का घ्यायचं, हा प्रश्न फक्त एकाच नावाबद्दल विचारला जातो, तेव्हा त्याचं उत्तर थोडं कडकपणे दिलं पाहिजे. २३ मे १९९९ ला ब्रिस्टलमध्ये केनियाविरुद्ध शतक झाल्यावर तेंडुलकरनं आकाशाकडे पाहिलं. वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर, काही दिवसांपूर्वीच गेले होते. त्या नजरेला कोणी धर्माचा प्रचार म्हटलं नाही, म्हणायलाही नको. २०२५ च्या या विश्वचषकाच्या दरम्यान भारतीय महिला संघ उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेला, तेही योग्यच होतं. मग येशूचं नाव आल्यावर कपाळावर आठी का? जेमिमाच्या वाट्याला हे नवीन नाही. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका जिमखान्यानं तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं; तिच्या वडिलांनी तिथे धार्मिक सभा घेतल्याची तक्रार होती. जागा नियमानुसार घेतली होती आणि धर्मांतराचा आरोप खोटा आहे, असं वडिलांनी सांगितलं. तुम्ही परक्या देशात गणपती बसवता, रस्त्यावर लेझीम खेळता, आणि शेजाऱ्यांनी ते आनंदानं पाहावं अशी अपेक्षा धरता. ती रास्त आहे. तीच अपेक्षा महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलीनं महाराष्ट्राकडून धरली, तर ती जास्त होत नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं आहे. मराठी भाषेत येशूचं नाव चारशेहून अधिक वर्षं घेतलं जातं आहे.

शेवटी एका विजयाबद्दल सांगायचं राहिलं, जो या मुद्द्याची खरी कसोटी आहे. २३ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यानंतर तीनच आठवड्यांनी, कोलंबोत भारताच्या अंध मुलींच्या संघानं नेपाळला ७ गडी राखून हरवलं आणि अंध महिलांचा पहिलावहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. कर्णधार दीपिका टी. सी., उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. अंधांच्या क्रिकेटमधला चेंडू प्लॅस्टिकचा असतो आणि आत छर्रे असतात. गोलंदाज आधी विचारते, तयार आहेस का. फलंदाज हो म्हणते. मग ‘प्ले’ असा पुकारा होतो आणि चेंडू जमिनीलगत खुळखुळत येतो. त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांना चेंडू थांबेपर्यंत गप्प राहावं लागतं, टाळ्या मागाहून. या संघासाठी मरीन ड्राइव्ह भरला नाही. पुढच्या वर्षी तुमच्या मंडळाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर सामने दाखवायचं ठरलं, तर या मुलींचाही एक सामना लावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.